निफाडच्या बागेतल्या तापमान-सेन्सरचे आकडे वेबपानावर आलेखात दाखवायचेत? मग आधी एवढंच कर

लगेच टाइमस्केल-बिमस्केलच्या (वेळेनुसार येणाऱ्या नोंदींसाठीच्या खास डेटाबेसच्या) मागे लागू नकोस. मिनिटाला एक नोंद म्हणजे एका सेन्सरच्या वर्षाला ५,२५,६०० ओळी. साधा पोस्टग्रेस डेटाबेस हे सहज पेलतो.

वेळ मात्र यूटीसीतच (जागतिक प्रमाणवेळेतच) साठव, दाखवताना साडेपाच तास पुढे कर. मी हे विसरलो होतो, आणि पहाटे पाचची थंडी आलेखात आदल्या रात्री साडेअकराला पडायची!

सेन्सर क्रमांक आणि वेळ, याच क्रमाने एक इंडेक्स (नोंदी पटकन शोधायची सूची) लाव. ‘कधीपासून-कधीपर्यंत’ विचारल्याशिवाय डेटा देऊ नकोस. नवशिके सगळं ब्राउझरवर ओततात नि पान गोठतं. महिन्याच्या आलेखासाठी तासाची सरासरी डेटाबेसलाच काढू दे.

आणि सेन्सर बंद पडला तर शून्य भरू नकोस, जागा रिकामी ठेव. नाहीतर शून्य अंश बघून बागाईतदार मध्यरात्री शेकोट्या पेटवायला धावेल.

कॅशिंगचं (एकदा काढलेली उत्तरं साठवून पुन्हा वापरण्याचं) नंतर बघू.