मुलींच्या शाळेत घातली आणि लेक गप्प झाली

जुलै लागला की माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, नववीला मुलींच्या सरकारी शाळेत घातलंय. वर्गात सगळ्या मुलीच. उद्या कॉलेजात मुलांसमोर तोंड उघडेल ना? बुजरी तर होणार नाही?" बडोद्यात हा प्रश्न गुजराती घरांतूनही येतो, पण आपल्या मराठी घरांतून जरा जास्तच येतो. मागच्या वर्षी आलेल्या एका घराची गोष्ट त्यांना विचारूनच सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब रावपुऱ्यातलं. वडील खासगी नोकरीत, आई घरी शिवणकाम करते, सोबत आजी. लेक आठवीपर्यंत जवळच्या मिश्र शाळेत होती. मुलींची शाळा निवडली ती दोन कारणांनी. एक तर फीचा बोजा नाही. दुसरं म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिकांनी पालकसभेत सांगितलं होतं की आम्हाला मुली पुढारपण करणाऱ्या घडवायच्या आहेत, त्यामुळे प्रत्येकीला वर्षात एक तरी काम स्वतःच्या जबाबदारीवर चालवावं लागेल. प्रार्थनासभा, ग्रंथालय, पाण्याची टाकी, सहलीचा हिशेब, असं काहीही. वडिलांना ते फार आवडलं होतं.

दीड महिन्यात सगळं फिरलं. "इतकी बडबडी होती, आता मुकी झाली आहे. ताटावरून अर्धी उठते," आई सांगत होती. वडिलांनी सरळ विचारलं, "शाळा बदलायची का, एवढंच सांगा."

मी लेकीला एकटीला आत बोलावलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. नव्या शाळेबद्दल मी काहीच विचारलं नाही, जुन्या शाळेबद्दल विचारलं. मॉनिटर कोण होतं?

"मुलगाच. मी उपमॉनिटर."

"उपमॉनिटरचं काम काय?"

"फळ्यावर नावं लिहायची. माझं अक्षर चांगलं आहे ना. कोणाची लिहायची ते तो सांगायचा."

हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. तिला त्यात काही वावगंही वाटत नव्हतं. मला मात्र ते वाक्य अजून टोचतं.

मग तिने दप्तरातून एक वही काढली. तपकिरी कागदाचं कव्हर, आत रेघा आखून अठ्ठेचाळीस नावं. चांपानेर-पावागडच्या सहलीचे प्रत्येकी १५० रुपये गोळा करायचं काम तिच्याकडे आलं होतं. सगळ्या नावांपुढे खुणा होत्या, म्हणजे जमायला हवे होते ७,२००. डब्यात होते ६,९००. शेवटच्या पानावर बेरीज इतक्यांदा खोडली होती की कागदाला भोक पडलं होतं. कंपासपेटीत खाऊच्या पैशांतून साठवलेल्या दहाच्या अकरा नोटा घड्या घालून ठेवलेल्या. तीनशे भरून काढायला अजून किती दिवस लागतील याचा हिशेबही वहीच्या कोपऱ्यात मांडलेला.

"वर्गाच्या बेनना, म्हणजे बाईंना, सांगितलंस?"

"सांगितलं तर म्हणतील हिला जमत नाही. मग दुसरीला देतील."

म्हणजे मुलींच्या संगतीने ही मुलगी गप्प झाली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा पैशाचा डबा तिच्या हातात आला होता आणि त्यात चूक झाली होती. जुन्या शाळेत ही चूक करण्याची संधीच तिला मिळाली नसती. आपण मुलींचं कौतुक करतो ते नीटनेटकेपणाचं, अक्षराचं, शहाण्यासारखं वागण्याचं. त्यामुळे हिशेब चुकला की मुलींना आपलं सगळंच चुकलं असं वाटतं. तेरा-चौदाव्या वर्षी, अख्ख्या वर्गासमोर, हे ओझं लहान नसतं.

आईवडिलांना आत घेतलं. ऐकता ऐकता वडिलांचा हात खिशाकडे गेला. मी म्हटलं, "थांबा. तीनशे रुपये तुम्ही भरलेत तर हे काम तिच्या हातून गेलंच म्हणून समजा." त्यांना ते जड गेलं, पण हात मागे घेतला.

मग आम्ही वाक्यं बसवली. "हिशेबात तीनशे रुपये कमी येतात. खुणा मी केल्या, गडबड माझ्या हातून झाली. कोणाचे द्यायचे राहिले असतील तर सांगा, आणि यापुढे मोजायला मला एक जण सोबत हवी." आधी भिंतीकडे बघून, मग माझ्याकडे बघून, मग आईकडे. प्रत्येक वेळी सुरुवात "सॉरी"ने व्हायची. पाचव्या वेळी सॉरी आपोआप गळलं. शेवटचं वाक्य, सोबत हवी हे, तिचं स्वतःचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने ते वर्गात म्हटलं. एका मुलीचे पैसे दप्तरातच राहिले होते. उरलेल्या दीडशेचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. वर्गाने प्रत्येकी चार रुपये काढले, आणि वर राहिलेल्या बेचाळीस रुपयांची नोंदही हिने वहीत केली. डबा तिच्याकडेच राहिला.

आईचा मूळ प्रश्न अजून बाकी होता. "हे झालं मुलींसमोर. मुलांसमोर काय? आणि असल्या शाळा आणखी कुठे असतात, की आमच्याच पोरींवर प्रयोग?"

असतात. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम या गरीब वस्तीत १९९६ साली 'यंग विमेन्स लीडरशिप स्कूल' ही मुलींची सरकारी शाळा निघाली, तेव्हा तिथेही विरोध झाला, भेदभावाच्या तक्रारी केंद्र सरकारपर्यंत गेल्या. पुढे २००६ मध्ये अमेरिकेने अशा शाळांसाठी नियम सैल केले. पण आईला मी खोटी आशा दाखवली नाही. एकवीस देशांतल्या १६ लाख विद्यार्थ्यांवरचे १८४ अभ्यास २०१४ मध्ये एकत्र तपासले गेले. घरची परिस्थिती वगैरे फरक बाजूला काढून पाहिलं तर नुसतं मुलं-मुली वेगळे बसवल्याने फारसा फायदा दिसला नाही. त्यामुळे शाळा मुलींची आहे एवढ्यावर ना भरवसा ठेवायचा ना घाबरायचं. तिथे मुलींच्या हातात काय देतात ते बघायचं.

पुढारपण करणारी बाई डोळ्यांसमोर असण्याचं मोलही तितकंच. पश्चिम बंगालमध्ये ग्रामपंचायतीचं प्रधानपद काही गावांत बायकांसाठी राखीव झालं. अशा गावांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे दोन वेळा राखीव जागेवर बाई प्रधान होती तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याकडून आईबापांच्या अपेक्षांतली दरी २५ टक्क्यांनी कमी झाली, आणि मुलामुलींच्या स्वतःच्या स्वप्नांतली ३२ टक्क्यांनी.

हे ऐकून आजी मध्येच म्हणाल्या, "आपल्या गावात काय कमी बायका झाल्या?" खरंच आहे. सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं त्यात मुलीही होत्या. महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. लेकीचे वडील बडोद्याच्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे बी.कॉम. हंसा मेहता लायब्ररीच्या पायऱ्यांवर तीन वर्षं बसलेले, पण त्या कोण हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारा शब्द होता, तो बदलून 'सर्व माणसं' असा करायला त्यांनी लावलं, १९४८ साली. लेकीने विचारलं, "तिथे मुलं होती समोर?" म्हटलं, बहुतेक सगळे पुरुषच होते गं.

मुलांसमोर बोलण्याचा सराव शाळेबाहेर द्यावा लागतो, आणि तो घरच्यांनीच द्यायचा. शाळेवर टाकून चालत नाही. त्यांच्या वाड्यात गणपती बसतो, मंडळात चुलत-मावस भाऊ आणि शेजारची मुलं. मी सुचवलं की यंदा हिला रांगोळीवर बसवू नका, पावतीपुस्तक द्या. पोरांनी कुरकुर केली, "तुला नाही जमणार, दारोदार फिरावं लागतं." ती फिरली. दोन घरांनी "दादाला पाठव" म्हणून परत पाठवलं, त्या संध्याकाळी घरी येऊन रडली, आणि दुसऱ्या दिवशी आजीला बरोबर घेऊन त्याच दोन घरी गेली.

अनंत चतुर्दशीनंतर आईचा फोन आला. मंडळात मग रोज रात्री डबा दोघं मिळून मोजायचे, वहीत दोन सह्या व्हायच्या, एक हिची आणि एक ज्याने कुरकुर केली होती त्याची. "पण ताई, आरतीच्या वेळी माईकवर दोन शब्द बोल म्हटलं तर पळाली. ते कधी जमेल?"

मी म्हटलं, तिला सध्या माईक नकोय, तर नका देऊ. पुढच्या महिन्यात तिच्या शाळेत ग्रंथालयाचं काम तिच्याकडे येणार आहे. तिथे काय होतंय ते मला कळवा.