पॉलिमरमधल्या तांब्याचा ईपीआर: चार रेषा गेल्या कुठे?

पॉली-व्हिनिलपिरिडीनच्या फिल्ममध्ये कॉपर क्लोराइड मुरवलं, ईपीआर (चुंबकीय क्षेत्रात जोडी नसलेले इलेक्ट्रॉन मायक्रोवेव्ह कुठे शोषतात त्याचा वर्णपट) घेतला आणि चार रेषांऐवजी २.१ च्या आसपासच्या जी-मूल्यावर (रेषा कोणत्या क्षेत्राला येते ते सांगणाऱ्या आकड्यावर) एकच पसरट उंचवटा आला. यंत्रात बिघाड आहे का, असं तुम्ही विचारलंय. यंत्र बहुधा ठीकच आहे. तुमच्या फिल्ममध्ये तांब्याची दाटी झालीय.

तांब्याच्या दोन्ही स्थिर समस्थानिकांचा केंद्रकीय स्पिन ३/२ आहे, म्हणून एका एकाकी द्विसंयुजी आयनाची रेषा चार भागांत फुटते. पण आयन एकमेकांच्या फार जवळ आले की त्यांचे इलेक्ट्रॉन एकमेकांचं चुंबकीय क्षेत्र बिघडवतात, स्पिनची अदलाबदल करतात, आणि फाटे पुसले जातात. त्यामुळे आधी तांब्याचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करत चार-पाच फिल्म करा. शेवटची इतकी विरळ ठेवा, की शंभर पिरिडीन गटांमागे तांब्याचा जेमतेम एक आयन असेल. मोजमाप द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, ७७ केल्विनला करा.

आता ९.५ गिगाहर्ट्झला २६०० गॉसपासून (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) वर नीट बघा. कमी क्षेत्राच्या बाजूला तीन बुटक्या, सारख्या अंतरावरच्या रेषा दिसतील. चौथी साधारण ३२७० गॉसजवळच्या उंच, गुंतागुंतीच्या भागाखाली दडलेली असते, ती शोधत बसू नका. लगतच्या दोन रेषांमधलं अंतर म्हणजे समांतर ए, आणि दुसऱ्या-तिसऱ्या रेषेच्या मधोमध समांतर जी (समांतर म्हणजे क्षेत्र तांब्याभोवतीच्या रचनेच्या मुख्य अक्षाच्या दिशेने असतानाचं मूल्य). पाण्याने वेढलेल्या तांब्याला जी २.४० आणि ए १२०-१३० गॉसच्या घरात येतो. चार नायट्रोजन एका प्रतलात जोडले गेले, तर जी २.२५ च्या आसपास उतरतो आणि ए १७०-१९० गॉसपर्यंत चढतो. जी खाली आला, पण ए वाढण्याऐवजी घटला, तर चौकोनी रचना चतुष्फलकाकडे वाकल्याचा संशय घ्या. पॉलिमरची साखळी लिगँडना (तांब्याला जोडल्या जाणाऱ्या गटांना) हवं तसं वळू देत नाही, त्यामुळे हे बऱ्याचदा दिसतं.

तांब्याला जोडलेले नायट्रोजन रेषा आणखी बारीक फोडतात, त्यावरून ते किती आहेत ते कळतं. पण नायट्रोजन मोजताना घाई नको. चार समान नायट्रोजन असतील तर नऊ बारीक रेषा येतात, १:४:१०:१६:१९:१६:१०:४:१ या प्रमाणात. टोकाच्या दोन्ही गोंगाटात सहज बुडतात, उरतात सात, आणि माणूस तीन नायट्रोजन लिहून मोकळा होतो. तीन असतील तर प्रमाण १:३:६:७:६:३:१ असतं, म्हणून संख्येपेक्षा उंचीचं गुणोत्तर तपासा. या रेषांमधलं अंतर साधारण १५ गॉस असतं, तेव्हा मॉड्युलेशन (मोजताना क्षेत्राला दिलेलं बारीक हेलकावणं) दोन-तीन गॉसच्या वर नेऊ नका. नेलंत तर या रेषा तुम्हीच पुसून टाकाल.

मला स्वतःला सगळ्यात बोलकी वाटते ती एकाच फिल्मची कोरडी आणि फुगलेली जोडी, दोन्ही खोलीच्या तापमानाला मोजलेली. (पाणी मायक्रोवेव्ह शोषतं, म्हणून फुगलेली फिल्म अगदी पातळ पट्टीत घ्या.) कोरड्या फिल्मचा वर्णपट गोठवलेल्या द्रावणासारखा येतो. फुगवल्यावर समांतर भाग विरून जवळपास सममित रेषा आल्या, तर तांबं पाण्यात मोकळं गिरक्या घेतंय, साखळीला धरून नाही. आकार तसाच राहिला, तर पकड पक्की. दोन्ही आकार एकावर एक चढलेले असतील, तर काही आयन बांधलेले आणि काही सुटे आहेत. पॉलिमरमध्ये बहुधा हेच आढळतं.

एक पडताळणी मात्र टाळू नका. वर्णपटाचं दोनदा समाकलन करून, ज्ञात प्रमाणाच्या कॉपर सल्फेटशी ताडून, किती तांबं दिसतंय ते काढा आणि रासायनिक विश्लेषणातल्या एकूण तांब्याशी जुळवा. आकडा कमी भरला, तर काही तांबं एकसंयुजी झालंय, किंवा जोड्या करून एकमेकांचे स्पिन रद्द करतंय. दोन्ही ईपीआरला दिसत नाहीत. जोड्यांचा संशय असेल तर निम्म्या क्षेत्रावर, १५००-१६०० गॉसजवळ, गेन (सिग्नल किती पटीने मोठा करायचा ते) वाढवून क्षीण रेषा शोधा. सापडली तर जोड्या आहेत. नाही सापडली तरी त्या नाहीत असं म्हणता येत नाही, कारण जोडणी घट्ट असेल तर ७७ केल्विनला ती रेषाही मावळते. मग तेच मोजमाप खोलीच्या तापमानाला पुन्हा करा.

विरळ फिल्मचा वर्णपट आला की इथे टाका, सोबत फ्रीक्वेन्सी आणि मॉड्युलेशन लिहा. जी-मूल्यं मिळून काढू.