उरणला राहून आपत्ती व्यवस्थापनाचं आणि नागरी संरक्षणाचं प्रशिक्षण कुठे घेता येईल?

त्या ऑनलाइन डिप्लोमाचे 35,000 रुपये भरू नका.

तुमच्या प्रश्नातली खरी निकड तीच दिसली, म्हणून आधी तेच सांगतो. तुम्ही लिहिलंय की वय 27, बी.कॉम. झालंय, उरणजवळ एका गोदामात नोकरी आहे. मे 2025 मध्ये सायरनचा सराव झाला तेव्हापासून काहीतरी शिकावं असं मनात आहे. आणि एका खासगी संस्थेने ‘होमलँड सिक्युरिटी अँड डिझास्टर मॅनेजमेंट’ अशा नावाचा ऑनलाइन डिप्लोमा दाखवून ‘पुढे एनडीआरएफमध्ये नोकरी’ असं सांगितलंय.

एनडीआरएफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलात, बाहेरच्या माणसाची थेट भरती होत नाही. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी, आसाम रायफल्स या दलांतले जवान तिथे प्रतिनियुक्तीवर जातात. राज्याच्या एसडीआरएफचंही तेच. धुळ्याला आणि नागपूरला ज्या तुकड्या आहेत, त्यांतले जवान राज्य राखीव पोलीस दलातले. म्हणजे एनडीआरएफचा गणवेश हवा असेल तर रस्ता आधी निमलष्करी दलाच्या भरतीतून जातो, डिप्लोमातून नाही. जी संस्था पहिल्याच फोनवर हे लपवते, ती पुढे काय शिकवणार?

मी रायगडचाच. रसायनीच्या पट्ट्यात एका रासायनिक कारखान्याच्या फायर अँड सेफ्टी विभागात बरीच वर्षं काढली, आणि नोकरी सांभाळून नागरी संरक्षणाच्या कामातही असतो. त्यामुळे खाली जे लिहितोय ते मुंबई-रायगडकडच्या नजरेतून आहे. विदर्भात किंवा कोल्हापूर-सांगलीकडे राहणाऱ्याला काही दारं वेगळी सापडतील.

आधी आपल्याकडची रचना लक्षात घ्या, नाहीतर एका कार्यालयातून दुसऱ्यात हेलपाटे होतात. अमेरिकेत 2001 नंतर हे सगळं बरंचसं एका खात्याखाली आणलं गेलं. आपल्या राज्यात दोन दारं आहेत. नागरी संरक्षण आणि होमगार्ड गृह विभागाकडे. आपत्ती व्यवस्थापन मदत व पुनर्वसन विभागाकडे, आणि जिल्ह्यात ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाकडे, म्हणजे तुमच्यासाठी अलिबागला. दोन्ही दारं उघडी आहेत, दोन्हीकडे फी नाही. पण एका दारातला कारकून दुसऱ्या दाराबद्दल सांगेलच असं नाही.

तुम्ही उरणचे आहात, ही मोठी जमेची बाजू आहे. 7 मे 2025 चा तो सराव देशभरातल्या 244 ठिकाणांसाठी जाहीर झाला होता. त्यात महाराष्ट्रातली 16 होती, आणि त्यांतही सर्वांत संवेदनशील अशा पहिल्या गटात फक्त तीन नावं: मुंबई, तारापूर आणि उरण. बंदर, तेल-वायूचा प्रकल्प, साठवणुकीच्या टाक्या, नौदलाचा तळ, सगळं एवढ्याशा तालुक्यात आहे म्हणून. नागरी संरक्षण दल राज्यात सगळीकडे नाही, ठरावीक शहरांतच आहे. ते तुमच्या गावात आहे. तिथल्या उपनियंत्रक कार्यालयात जा आणि स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायचंय असं सांगा. ‘कोर्स करायचाय’ असं म्हणू नका. कोर्स करणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं आणि तो घरी जातो. स्वयंसेवकाचं नाव यादीत राहतं, त्याला सरावाला बोलावतात, पावसाळ्यात फोन येतो. माझ्या मते कुठल्याही प्रशिक्षणाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हाच: हे संपल्यावर माझं नाव कुणाच्या यादीत राहणार? यादी नसेल तर शिकलेलं वर्षभरात पुसलं जातं.

तिथे काय शिकवतात? नागरी संरक्षणाच्या बारा सेवा आहेत: वॉर्डन (आपल्या वस्तीची जबाबदारी घेणारे स्वयंसेवक), अग्निशमन, जखमींची शुश्रूषा, सुटका, दळणवळण, कल्याण, अगदी मृतदेहांची व्यवस्था हीसुद्धा एक स्वतंत्र सेवा. मूलभूत शिबिरात सगळ्यांची तोंडओळख होते. सायरन वरखाली होत वाजला तर धोका आणि एकसुरी वाजला तर धोका टळला, इथपासून सुरुवात. मग त्रिकोणी पट्टी बांधणं, दोराच्या गाठी, पडलेल्या घरातून माणूस उचलून आणायच्या पद्धती, अग्निशामक नळकांडं वापरणं. बोलाईन गाठ पहिल्या दिवशी सगळ्यांना येते आणि तिसऱ्या दिवशी निम्म्यांना येत नाही. हात छातीवर ठेवून मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने, पाच सेंटीमीटर खोल दाबत राहणं दोन मिनिटांत किती दमवतं, हे पुतळ्यावर केल्याशिवाय कळत नाही. म्हणून ऑनलाइन डिप्लोमाला माझा विरोध. छाती दाबण्याचा हा सीपीआर व्हिडिओ बघून येत नाही.

दुसरं दार अलिबागचं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना तुम्ही ऐकली असेल. 2016 मध्ये देशातल्या 30 पूरप्रवण जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली आणि नंतर 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं. प्रशिक्षण 12 दिवसांचं, निवासी, पोटापाण्याची सोय त्यांची. शेवटी एक किट मिळतं आणि विम्याचं संरक्षणही योजनेत आहे. वयाची अट 18 ते 40, म्हणजे तुम्ही बसता. अडचण एकच: तुकड्या सतत चालू नसतात. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज देऊन ठेवा आणि पावसाळ्याच्या आधी, मार्च-एप्रिलमध्ये, पुन्हा विचारा. तोंडी विचारणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही. धाकटा भाऊ कॉलेजात एनएसएसला आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याच्यासाठी ‘युवा आपदा मित्र’ ही वेगळी योजना आहे. ती एनसीसी, एनएसएस, नेहरू युवा केंद्र आणि स्काउट-गाइडमधूनच राबवली जाते. त्याने आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्याला विचारावं, तुमच्याबरोबर अलिबागला खेटे घालायची गरज नाही.

आता थोडं विषयांतर, पण उरणकरासाठी ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे आपत्ती म्हटलं की पूर आणि दरड एवढंच डोळ्यांसमोर येतं. ते खरंच आहे: तळिये 2021, इर्शाळवाडी 2023, दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली. पण तुमच्या घराच्या आसपासचा धोका टाकीतला आणि पाइपातला आहे. भोपाळनंतर 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम आले, 1996 मध्ये रासायनिक अपघातांचे. त्यांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्याला कुंपणाच्या आतला आराखडा स्वतः करावा लागतो, आणि कुंपणाबाहेरच्या लोकवस्तीचा आराखडा प्रशासनाने करायचा असतो. तो बाहेरचा आराखडा तपासायला ऑफसाइट मॉकड्रिल होतं. त्याला प्रेक्षक म्हणून नाही, स्वयंसेवक म्हणून हजर राहा. असं एखादं ड्रिल नीट पाहिलंत तर वर्गातल्या आठवड्याभरापेक्षा जास्त कळेल.

तिथे कळतं की वायू सुटला की आधी वारा बघायचा. कारखान्यांवर वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी-पांढरी कापडी नळी असते, तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा लक्ष जातं. वाऱ्याच्या दिशेने पळायचं नाही, आडवं निघायचं. क्लोरीन हवेपेक्षा जड. तो खड्ड्यात, नाल्यात, तळमजल्यावर साचतो, म्हणून उंचावर जायचं. अमोनिया हलका, पण दमट हवेत त्याचा ढगही जमिनीलगत रेंगाळू शकतो. तोंडावर ओला रुमाल. बाहेर पडणं शक्य नसेल तर दारं-खिडक्या बंद, पंखे आणि एसी बंद, फटींत ओली फडकी. आणि सगळ्यांत अवघड भाग: बेशुद्ध पडलेल्या माणसाकडे तसंच धावत न जाणं. सुटका करायला गेलेला दुसरा माणूस पहिल्याशेजारी पडतो, ही गोष्ट कारखान्यात आणि गटाराच्या मॅनहोलमध्ये पुन्हा पुन्हा घडत आली आहे. प्रशिक्षणाचा निम्मा उपयोग हात आवरायला शिकण्यात आहे, असं मी नव्या पोरांना सांगतो, आणि ते दरवेळी नाराज होतात. त्यांना दोरावरून लटकायचं असतं.

ठाणे-बेलापूर, तळोजा, पाताळगंगा अशा पट्ट्यांत कारखान्यांचे ‘मार्ग’ म्हणून परस्पर मदत गट आहेत. एकाकडे आग लागली की दुसऱ्याचा बंब आणि फोम निघतो. तुमचं गोदाम कुणाचं आहे ते लिहिलेलं नाही, पण मालकाला किंवा तुमच्या सेफ्टीवाल्याला विचारा की आपण अशा कुठल्या गटात आहोत का. असाल तर त्यांच्या सरावांना तुम्हाला कामाच्या वेळेत जाता येईल, रजा न काढता.

होमगार्डबद्दलही विचारलंत. 1946 मध्ये मुंबईतच सुरू झालेली ही संघटना, त्यामुळे आपल्याला तिचा जरा जास्त अभिमान. शिस्त आणि कवायत चांगली शिकवतात. ते मानसेवी काम आहे, पगारी नोकरी नव्हे. कर्तव्यावर असाल त्या दिवसाचा भत्ता मिळतो. 2024 मध्ये तो 570 वरून 1083 रुपये झाला. पण प्रत्यक्षात बहुतेक काम बंदोबस्ताचं: गणपती, निवडणुका, परीक्षा. बचावकार्य शिकायचं म्हणून जाल तर थोडे हिरमुसाल. गोदामाच्या शिफ्टशीही ते जुळणं कठीण.

नोकरीचाच विचार असेल तर वेगळं बोलू. कारखान्यात सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर ज्याला आपण ‘एडीआयएस’ म्हणतो तो औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा हवा, राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा किंवा शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेचा. त्याला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पार्श्वभूमी लागते, त्यामुळे तुमच्या बी.कॉम.ला तो दरवाजा बंद आहे, उगाच आशा लावत नाही. अग्निशमनात जायचं असेल तर सांताक्रूझच्या विद्यानगरीत राज्याच्या अग्निशमन सेवेचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे अग्निशामकाचा सहा महिन्यांचा आणि उपस्थानक अधिकाऱ्याचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. वय आणि उंची-छातीच्या अटी जाहिरातीत नीट वाचा. 27 म्हणजे वयाची मर्यादा कदाचित उलटूनही गेली असेल. नागपूरला राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. जुनं राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालयही नागपूरचंच, 1957 पासूनचं. ते आता एनडीआरएफच्या प्रबोधिनीत विलीन झालंय. या क्षेत्रात नागपूरचं वजन पुण्या-मुंबईपेक्षा जास्त आहे, हे इकडच्या लोकांना माहीत नसतं.

कागदावर पदवी हवी असेल तर बी.कॉम.वाल्याला सोयीचं म्हणजे इग्नूचा आपत्ती व्यवस्थापनातला पदव्युत्तर डिप्लोमा, दूरस्थ. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत पूर्णवेळ एम.ए. आहे, पण त्यासाठी नोकरी सोडावी लागेल. पुण्यात ‘यशदा’चं आपत्ती व्यवस्थापन केंद्र आहे, तिथले वर्ग मुख्यतः सरकारी कर्मचाऱ्यांसाठी, तरी स्वयंसेवी संस्थेतून गेलात तर कधी कधी जागा मिळते. या पदव्यांचा उपयोग नियोजनाच्या, अहवालांच्या, संस्थांमधल्या कामाला होतो. बोटीवर किंवा ढिगाऱ्यावर त्या दाखवायच्या नसतात.

आणि पोहता येतं का? तुम्ही लिहिलं नाही. येत नसेल तर बाकी सगळ्याच्या आधी ते. 2019 च्या पुरात सांगलीजवळ ब्रह्मनाळला गावातल्याच लोकांनी बोट काढली होती, मदत वेळेवर पोहोचत नव्हती म्हणून. क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली आणि बोट उलटली. माणसं वाचवण्याची इच्छा तिथे भरपूर होती. बोटीत किती जणांना घ्यायचं आणि कुणाला ‘पुढच्या फेरीला’ म्हणून सांगायचं, हे ओरडणाऱ्या गर्दीसमोर ठरवणारा, आणि त्याचं ऐकलं जाईल असा, एक माणूस लागतो. ते शिकवण्याचा वर्ग मला अजून कुठे दिसलेला नाही. वॉर्डन म्हणून तीन-चार पावसाळे काढले, वस्तीतले लोक नावाने ओळखायला लागले, की थोडंफार जमतं.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी नाही, कामाच्या दिवशी दुपारी उपनियंत्रक कार्यालय गाठा. अधिकारी दौऱ्यावर असतील तर अर्ज देऊन पोच घ्या. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉसकडून घ्या; थोडी फी असते, ती खुशाल भरा. अलिबागचा अर्ज पोस्टाने पाठवला तरी चालतो. सोबत आधारची प्रत, दोन फोटो, रक्तगट आणि घरच्या दोघांचे फोन नंबर लिहा. बोटीचा, वायरिंगचा, वेल्डिंगचा, ट्रक चालवण्याचा, वायरलेसचा कसलाही अनुभव असेल तर तो अर्जात ठळक लिहा. गोदामात फोर्कलिफ्ट चालवत असाल तर तेही.