बुंध्यावरची बुरशी कशी ओळखावी?

प्रश्न : तोडलेल्या झाडाच्या खुंटावर पंख्याच्या आकाराची, करड्या-तपकिरी वलयांची पातळ बुरशी थराथरांनी आली आहे. शेजारच्या उभ्या झाडाच्या बुंध्यालाही लाकडासारखा कठीण, तपकिरी फलक फुटला आहे. पुस्तकांतील छायाचित्रांशी ताडून पाहूनही नाव ठरत नाही. ओळख कशी पटवावी, आणि फलक काढल्यास झाड वाचेल का?

उत्तर : छायाचित्रांत बहुधा बुरशीची वरची बाजू असते, ओळखीची खूण मात्र खालच्या बाजूस असते. खुंटावरचा एक पंखा तोडून, उलटा करून भिंगातून पाहावा. तेथे अगदी बारीक छिद्रे दिसली, तर ती ट्रॅमेटिस वर्सिकलर किंवा तिच्या जवळची जात असण्याचा संभव आहे. पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर स्टेरियमचा विचार करावा. वरून या दोन्ही इतक्या सारख्या दिसतात की जाणकारही उलटून पाहिल्याशिवाय नाव घेत नाहीत. छिद्रांऐवजी लांबीच्या दिशेने दुभंगलेल्या पट्ट्या असतील, तर ती शिझोफायलम. तिच्या पट्ट्या कोरड्या हवेत मुडपतात आणि ओल मिळताच पुन्हा उलगडतात.

बुंध्यावरचा फलक वर्णनावरून गॅनोडर्माचा वाटतो. त्याची खालची बाजू पांढरट असून नखाने ओरखडताच तपकिरी होत असेल, आणि आसपासच्या पानांवर कोको पावडरीसारखी धूळ साचली असेल, तर गॅनोडर्मा अप्लानेटम असण्याची शक्यता बरीच वाढते. ती धूळ म्हणजे त्याचे बीजाणू होत.

फलक काढल्याने झाड वाचत नाही. आपल्याला दिसते ते केवळ बुरशीचे फळ. तिचे तंतू आधीच लाकडात पसरलेले असतात व लाकडाला बळकटी देणारे लिग्निन आणि सेल्युलोज हे घटक कुजवत असतात. गॅनोडर्माची कूज बुंध्याच्या गाभ्यात आणि मुळांत होत असल्यामुळे, पालवी हिरवीगार असतानाही झाड वाऱ्याने उन्मळून पडू शकते. म्हणून झाडाखाली रहदारी असेल, तर वृक्षतज्ज्ञाकडून बुंध्याची तपासणी लवकर करून घ्यावी. खुंटावरची बुरशी मात्र मेलेले लाकूड मातीत मिसळण्याचे कामच करते आहे, तिला खुशाल राहू द्यावे.

आपण विचारलेले नाही, तरी एक सांगतो : कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या छत्र्या खाण्यायोग्य म्हणून तोडू नयेत. गॅलेरिना मार्जिनाटा ही लहानशी तपकिरी छत्री अशाच लाकडावर येते आणि तिच्यातील अमॅटॉक्सिन हे विष यकृत निकामी करते.