पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये टेबल समोर दिसतं, तरी क्वेरी म्हणते 'रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट', म्हणजे असं टेबलच नाही, असं का?

भाऊ, टेबल जागेवरच आहे, घाबरू नका. तुम्ही लिहिलंय की पीजीॲडमिनमधून, म्हणजे पोस्टग्रेस हाताळायच्या टूलमधून, 'शेतकरीखाते' टेबल बनवलं, नाव इंग्रजी अक्षरांत, एस आणि के कॅपिटल ठेवून. तिथंच गडबड झाली. पीजीॲडमिन असं नाव पाहिलं की स्वतःच डबल कोट्स लावतं, म्हणजे कॅपिटल जसंच्या तसं सेव्ह होतं. तुम्ही क्वेरीत कोट्स लावत नाही, आणि बिनकोट्सचं नाव पोस्टग्रेस आधी सगळं स्मॉल करून मग शोधतं, त्या नावाचं टेबल त्याला सापडत नाही. ओरॅकल उलटं करतं, सगळं कॅपिटल करतं, आणि एसक्यूएलचं, म्हणजे क्वेरीच्या भाषेचं, स्टँडर्डही कॅपिटलच सांगतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेसचं कोलेशन, म्हणजे अक्षरं जुळवायचे नियम, काय आहेत त्यावर कॅपिटल-स्मॉलचा फरक धरायचा की नाही ते ठरतं.

मायएसक्यूएलने तर मला चांगलंच रडवलंय. जळगावजवळच्या एका जिनिंगसाठी काटा पावतीचं सॉफ्टवेअर केलं होतं, माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर सगळं व्यवस्थित, आणि ऐन सीझनमध्ये लिनक्स सर्व्हरवर टाकलं तर पहिल्याच पावतीला एरर 1146, टेबल डझंट एक्झिस्ट. बाहेर कापसाच्या गाड्यांची लाईन लागलेली, गाडीवाले हॉर्न वाजवून राहिले होते आणि काट्यावरचा पोरगा माझ्या तोंडाकडे पाहत होता. शेवटी हाताने पावत्या फाडल्या त्या दिवशी. टेबल बनवताना पी कॅपिटल होता, क्वेरीत स्मॉल, बस एवढंच. मायएसक्यूएलमध्ये टेबलाच्या नावाची केस, म्हणजे कॅपिटल-स्मॉलचा फरक, ऑपरेटिंग सिस्टीमवर जाते, विंडोज फरक करत नाही, लिनक्स करतं. कॉलमच्या नावाला मात्र कुठंच फरक पडत नाही, म्हणून अजूनच डोकं फिरतं. लोअर केस टेबल नेम्स ही सेटिंग 1 करून पाहिली, पण व्हर्जन 8 मध्ये ती फक्त सर्व्हर पहिल्यांदा इनिशियलाइज करताना ठरते, नंतर बदलली तर सर्व्हर उठतच नाही. मग रात्री बसून एकेक क्वेरी दुरुस्त केली.

तेव्हापासून माझं एकच, नाव सगळं स्मॉल, शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर, आणि कोट्स कधीच नाही. कोणताही डेटाबेस असो, त्रास होत नाही.

तुमच्याकडे आत्ता डेटा कमी आहे तर आजच नाव बदलून टाका. क्वेरीत कोट्स लावत बसू नका, एकदा लावले की कॉलेज सोडून जाईपर्यंत प्रत्येक क्वेरीत लावावे लागतील आणि प्रोजेक्टमधला दुसरा मुलगा विसरणारच. अल्टर टेबल, जुनं नाव डबल कोट्समध्ये, रिनेम टू, नवीन नाव बिनकोट्सचं. कॉलमची नावंही तशीच असतील तर तीही बदला. आधी बिगिन करा, सगळे रिनेम चालवा, दोनचार सिलेक्ट मारून बघा, नीट वाटलं तरच कमिट करून पक्कं करा, नाहीतर रोलबॅक, पोस्टग्रेसमध्ये रिनेमसुद्धा मागे घेता येतो. व्ह्यू, म्हणजे सेव्ह करून ठेवलेल्या क्वेरी, असतील तर ते आपोआप नवीन नाव धरतात, पण पीएल पीजीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या आतल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, लिहिलेल्या फंक्शनमध्ये जुनं नाव तसंच राहतं, ते हाताने शोधा, आणि पायथॉनच्या कोडमध्येही.

आणि शेवटी विचारलंय की केसकडे दुर्लक्ष कर असं सांगणारी सेटिंग पोस्टग्रेसमध्ये आहे का, तर नाही, कोट्स लावलेल्या नावांसाठी तशी काहीच सोय नाही.