लातूरला बसून दिवाळी अंकाची मांडणी करता येते का? पानामागे किती सांगावेत?

तुम्ही लिहिलंय की इनडिझाइन (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) येतं, आजवर लोगो-बॅनरची कामं केलीत आणि आता एका दिवाळी अंकाची विचारणा आली आहे. घ्या काम. मी परभणीत बसून करते, अंक पुण्यात छापतात. प्रेसवर जाणं वर्षातून एकदा, मुखपृष्ठाचा रंग डोळ्यांनी बघायला. अंतरामुळे माझं कधी अडलं नाही. अडतं ते मजकुरापाशी, म्हणून दरही मजकूर बघूनच सांगा.

बॅनरच्या चार ओळी आपणच टाइप करतो. अंकाला तीस लेखक आणि तीस तऱ्हा. कुणी वहीच्या पानांचे फोटो पाठवतं, कुणी युनिकोडमध्ये देतं, आणि निवृत्त प्राध्यापकांची फाइल हमखास गल्लीतल्या डीटीपीवाल्याने श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली. ती युनिकोड करायला कन्व्हर्टरमधून काढली की वरवर सगळं ठीक दिसतं. माझ्या पहिल्याच अंकात एका कथेत लग्नाचा प्रसंग होता. मूळ वाक्य, ‘आचाऱ्यानं कढई भट्टीवर चढवली.’ छापून आलं, ‘आचार्यानं कढई भट्टीवर चढवली.’ लेखकाचा फोन आला. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, “ताई, आमच्या गावात शंकराचार्य बुंदी पाडून गेले.”

तेव्हापासून कन्व्हर्ट केलेल्या फाइलीत मी आधी ‘र्य’ आणि ‘र्ह’ शोधते. सूर्य, कार्य सोडून द्यायचे. वार्यावर, तर्हा, कुर्हाड दिसले की वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड. ‘दर्या’ आला तर वाक्य वाचायचं, समुद्र असू शकतो. आपल्याकडच्या कथांत बहुतेक वेळा दऱ्याच निघतात.

इनडिझाइनमध्ये पॅराग्राफच्या मेनूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी बसते. भाषा मराठी ठेवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट फुकट आहे आणि लांब मजकुराला मला फार आवडतो, पण त्यात बोल्ड नाही. शीर्षकांना मुक्ता वापरा, खोटा जाडपणा देऊ नका. अक्षर १२ पॉइंट असेल तर ओळीला १७ द्या; वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकत नाहीत. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा. चार रंगांचा काळा झाला आणि छापताना रंग केसभर जरी सरकला, तरी बारीक अक्षराला सावली येते.

जाहिराती हा वेगळाच ताप. पतसंस्था, क्लासेस, साखर कारखाना. सगळ्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे आकसलेले. ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ हे पहिल्याच दिवशी सांगा. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयला जेमतेम ४ इंच भरतो आणि साहेबांना तर पूर्ण पान हवं असतं. शिवाय १६० पानं म्हणजे १६ पानी १० फॉर्म (एकत्र छापायचे पानांचे गठ्ठे). ऐनवेळी एक जाहिरात वाढली की पुढचं सगळं सरकतं आणि अनुक्रमणिका खोटी ठरते. म्हणून मी दोन-तीन पानांच्या कविता आणि एखादं व्यंगचित्र काढून घेता येईल असं ठेवते. कवींना हे कळू देऊ नका.

दराचं म्हणाल तर पहिला फॉर्म घड्याळ लावून करा. किती तास गेले ते कळलं की तुमच्या तासाच्या हिशेबाने पानाचा आकडा निघेल. त्या दरात दोन प्रुफं धरा, तिसऱ्याचे वेगळे. टायपिंग, कन्व्हर्ट केलेला मजकूर साफ करणं आणि जाहिरात बनवणं हेही वेगळं लावा. मी संपादकांना १७ सप्टेंबर ही तारीख देते. मुक्तिसंग्राम दिन म्हटला की कुणी विसरत नाही. त्यानंतर आलेल्या लेखाला दीडपट.

एका संपादकांनी मला मानधन म्हणून अंकाच्या २५ प्रती दिल्या होत्या. घरात अजून १९ आहेत. आता निम्मे पैसे मजकूर हातात आल्यावर घेते आणि उरलेले प्रेसला पीडीएफ पाठवायच्या आदल्या दिवशी.