सोनं ३:५८ ला, रेकॉर्ड ३:३१ ला, माणूस एकच

तुमचा प्रश्न असा आहे की नॉर्वेचा धावपटू याकोब इंगेब्रिग्टसेन फेब्रुवारी २०२५ ला फ्रान्समधल्या लिएव्हँला माइल (साधारण १६०९ मीटर) पळताना वाटेत १५०० मीटरचं अंतर ३:२९.६३ ला पार करतो, आणि महिना-सव्वा महिन्याने चीनमधल्या नानजिंगच्या वर्ल्ड इनडोअरला (छपराखालच्या ट्रॅकवरची जागतिक स्पर्धा) ३:३८.७९ ला सोनं घेतो, मग तो फायनलला अंग राखून पळाला का आणि यातला खरा इंगेब्रिग्टसेन कुठला धरायचा. खाली अजून एकाने लिहिलंय की पेसर (सुरुवातीचे लॅप पुढे राहून ठरलेला वेग लावून देणारा धावपटू) घेऊन आणि ट्रॅकच्या कडेने त्याच वेगाने पळणारे लाइट लावून केलेला रेकॉर्ड तो रेकॉर्डच नाही. मी वीसेक वर्षं हे बघतोय, कॉलेजात असताना स्वतः १५०० पळायचो, त्यामुळे जरा लांबेल, वाचा सावकाश.

इंगेब्रिग्टसेनकडे नंतर येतो. आधी सॅम्युएल टेफेरा बघा, इथिओपियाचा. मार्च २०१८, बर्मिंगहॅम, वर्ल्ड इनडोअरची १५०० ची फायनल. हा पोरगा तेव्हा १८ वर्षांचा. जिंकला, वेळ ३:५८.१९. म्हणजे २०० मीटरचा एक लॅप सरासरी पावणेबत्तीस सेकंदांना, या लोकांच्या मानाने निवांत. अकरा-साडेअकरा महिन्यांनी, फेब्रुवारी २०१९, तेच शहर, तेच सभागृह, अंतरही तेच, आणि याच टेफेराने ३:३१.०४ चा वर्ल्ड रेकॉर्ड केला. हिशम एल गेरूजचा १९९७ पासूनचा ३:३१.१८ गेला. दोन रेसमध्ये सत्तावीस सेकंदांचा फरक! अकरा महिन्यांत माणूस सत्तावीस सेकंदांनी सुधारत नाही हो. रेस वेगळी होती, बाकी काही नाही.

आणि त्यातली गंमत तर पुढेच आहे, २०१९ ला रेकॉर्ड करायच्या मागे टेफेरा लागलेला नव्हताच, इथिओपियाचाच योमिफ केजेल्चा लागला होता. केजेल्चाचा आदल्याच आठवड्यात न्यूयॉर्कला माइलचा रेकॉर्ड एका शतांश सेकंदाने हुकला होता, ३:४८.४६, रेकॉर्ड ३:४८.४५. म्हणजे तो किती पेटून आला असेल बघा. पेसर बाजूला झाल्यावर पुढे राहून सगळा भार त्यानेच ओढला, टेफेरा त्याच्या पाठीला चिकटून राहिला आणि शेवटी पुढे निघून गेला. केजेल्चा ३:३१.५८. त्या दिवशी रेकॉर्ड ज्याच्या नावावर लागला तो रेस जिंकायला पळत होता. (केजेल्चाने दोन आठवड्यांनी बोस्टनला ३:४७.०१ करून माइलचा रेकॉर्ड घेतलाच, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.)

आता फायनलला हे लोक पहिले चार-पाच लॅप असे निवांत का काढतात, ते ट्रॅक समजल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांच्या मैदानावर फक्कीने २०० मीटरचा गोल आखतात ना, इनडोअर ट्रॅक साधारण तेवढाच, फक्त वळणाला बाहेरून उचललेला, उतरता. १५०० म्हणजे साडेसात लॅप, ३००० म्हणजे पंधरा. वळणं आवळलेली आणि सरळ भाग छोटा, त्यामुळे कुणाला ओलांडायला जागाच नसते. वळणावर आतल्या माणसाच्या एक मीटर बाहेरून पळालात की एका वळणाला तीन मीटर जास्त, लॅपला सहा. शेवटी सेकंदाला सात मीटरने पळत असाल तर सहा मीटर म्हणजे जवळपास नऊ दशांश सेकंद गेले. आणि २०१८ च्या त्या फायनलला पहिला आणि तिसरा यांच्यात अंतर होतं ०.२४ सेकंदांचं. एकच लॅप बाहेरून काढलात तर तिन्ही मेडलं गेली.

म्हणून दोन उलट्या गोष्टी एकदम चालू असतात. सुरुवातीला कुणालाच पुढे नको असतं, कारण पुढचा हवा कापतो आणि मागचे फुकट येतात (सभागृहात वारा नसला तरी तुमच्या वेगाचा वारा तुम्हाला लागतोच). आणि शेवटच्या दोन लॅपला सगळ्यांनाच पुढे हवं असतं, कारण तेव्हा मागे अडकलात की संपलं. या दोन्हीच्या मधला तो एक क्षण पकडायचा असतो. टीव्हीवर तो भाग कंटाळवाणा दिसतो, पण खांदे बघा, कोपरं बघा, कोण कुणाला आत दाबून ठेवतोय ते बघा.

हे मी स्वतःच्या पायाने शिकलोय. इंटरकॉलेजला असंच एक छोटं मैदान होतं, मातीचं. सकाळी पाणी मारलेलं, त्यामुळे आतली कड जरा चिकट. मी पहिल्या लॅपपासून पुढे, कारण सरावाची माझी वेळ सगळ्यांत चांगली होती आणि मला वाटायचं की जो फास्ट तो जिंकणार. माझ्या मागे एक मुलगा होता, त्याचा श्वास मला सबंध रेसभर ऐकू येत होता, एकसारखा, अजिबात न चढलेला. शेवटच्या वळणातून बाहेर पडलो आणि तो श्वास उजव्या कानाशी आला, मग त्याची पाठ दिसली. माझ्या सरांनी नंतर एवढंच विचारलं, तू त्याला चौदाशे मीटर कशाला घेऊन आलास? ते वाक्य अजून डोक्यात आहे.

आता पेसर आणि लाइटचा मुद्दा. इथे मी दुसऱ्या बाजूने भांडेन. पेसर नियमात बसतो, तो रेस सुरू करणाऱ्यांपैकीच एक असतो, लाइटलाही परवानगी आहे. आणि मुख्य म्हणजे पेसर शेवटपर्यंत नसतो. त्याने जागा सोडल्यावर उरलेले लॅप ठरलेल्या वेगाने, पाय जड झालेले असताना, समोर कुणी नसताना काढायचे याला वेगळं काळीज लागतं. फायनल जिंकणाऱ्या कित्येकांना ते जमत नाही. इथिओपियाच्या गुडाफ त्सेगेने २०२३ ला बर्मिंगहॅमला ३००० मीटर ८:१६.६९ ला पळून काढलं, गेन्झेबे दिबाबाचा २०१४ चा रेकॉर्ड ८:१६.६०. नऊ शतांश! पंधरा लॅप पळून हातभर कमी पडणं काय असतं विचार करा. असल्या पळण्याला लाइटच्या जोरावरचं म्हणून हिणवू नका. आणि वर्षभराने ग्लासगोला वर्ल्ड इनडोअरला हीच त्सेगे वेगात पळत असताना अमेरिकेच्या एल सेंट पिअरने तिला मागे टाकलं, ८:२०.८७ आणि ८:२१.१३. सेंट पिअर साधारण वर्षापूर्वीच आई झाली होती. ती फायनल माझ्या मते गेल्या काही वर्षांतली सगळ्यांत चांगली, कारण तिथे डावपेचही होते आणि वेगही.

माझं निरीक्षण असं की मागे कुणीतरी खरंच मारायला टपलेला असला की रेकॉर्ड जास्त पडतात. ८ फेब्रुवारी २०२५, न्यूयॉर्क, मिलरोज गेम्स. ३००० ला ग्रँट फिशर ७:२२.९१, मागे कोल हॉकर ७:२३.१४, लामेचा गिरमाचा ७:२३.८१ चा रेकॉर्ड दोघांनीही मोडला, नाव एकाचंच लागलं. त्याच दिवशी माइलला यारेड नुगुसे ३:४६.६३ आणि हॉब्स केसलर ३:४६.९०, परत तेच, दोघंही केजेल्चाच्या आत. नुगुसेचा रेकॉर्ड मात्र पाचच दिवस टिकला, लिएव्हँला इंगेब्रिग्टसेनने ३:४५.१४ केलं, आणि ते बऱ्यापैकी एकट्याने. म्हणून तो अपवाद आहे, आणि म्हणूनच एवढा मोठा आहे.

आपल्या घरचं उदाहरण द्यायचं तर बीडचा अविनाश साबळे. इनडोअर नाही, स्टीपलचेस (३००० मीटर, वाटेत अडथळे आणि पाण्याचा खड्डा), पण मुद्दा तोच. जुलै २०२२ ला युजीनला वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल रखडत गेली, मोरोक्कोचा एल बक्काली ८:२५.१३ ला जिंकला आणि साबळे ८:३१.७५ ला अकरावा, तेव्हा त्याची बेस्ट ८:१२.४८ होती. लोकांनी किती बोलून घेतलं त्याला. तीन आठवडेही झाले नाहीत तोच बर्मिंगहॅमला कॉमनवेल्थमध्ये रेस सुरुवातीपासून वेगात गेली आणि तो ८:११.२० ला रौप्य, सोन्यापासून पाच शतांश लांब. पाय तेच होते. युजीनसारख्या रेसमध्ये शेवटी एकदम वेग बदलता यावा लागतो, ते वेगळं शिकावं लागतं. आपल्याच गुलवीर सिंगकडे आता दोन्ही दिसतंय, फेब्रुवारी २०२५ ला बोस्टनला इनडोअर ५००० मीटर १२:५९.७७ आणि मे महिन्यात कोरियातल्या गुमीला एशियन चॅम्पियनशिपचं सोनं १३:२४.७७ ला.

आता इंगेब्रिग्टसेन. नानजिंगला त्याने १५०० आणि ३००० दोन्ही सोनी घेतली (३००० ला ७:४६.०९), पुरुषांत हे आधी फक्त हेले गेब्रसेलासीने केलं होतं, १९९९ ला माएबाशीला. तीन दिवसांत एवढ्या रेस पळायच्या तर गरजेपेक्षा जास्त कशाला खर्च करायचं. अंग राखून पळाला म्हणाल तर हो, आणि ते बरोबरच केलं. कारण २०२२ ला बेलग्रेडला तो महिन्याभरापूर्वीचा ३:३०.६० चा रेकॉर्ड घेऊन आला होता, वेग काढून सगळ्यांना दमवायला गेला, आणि शेवटच्या सरळ भागात त्याला कुणी गाठलं? टेफेराने. ३:३२.७७ आणि ३:३३.०२. इंगेब्रिग्टसेनला कोव्हिड झाल्याचं नंतर कळलं, ते धरायलाच हवं, पण टेफेरा कसा पळाला ते त्याने बदलत नाही.

वेळ असेल तर आधी बेलग्रेड बघा, मग बर्मिंगहॅम २०१९. कोपऱ्यातलं घड्याळ हाताने झाका आणि शेवटच्या लॅपला टेफेरा बाहेर कधी येतो तेवढंच बघा.